आज गणेशने लिहिलं

शुक्रवार, संध्याकाळ. बोरी

आज मी मीठ केलं. नुसतं वहीत लिहिलं नाही, हाताने केलं.

दरवेळी प्रयोग पोरं करतात आणि आम्ही पोरी निरीक्षणं लिहितो. कारण काय, तर आमचं अक्षर चांगलं. आज सरांना सरळ म्हटलं, "सर, आज गणेश लिहील. आम्ल मी टाकते." एवढं धाडस कुठून आलं कोण जाणे. सर हसले अन् ड्रॉपर माझ्या हातात दिला.

चंचुपात्रातलं अल्कलीचं पाणी दर्शक टाकून गुलाबी केलेलं होतं. त्यात मी थेंब थेंब आम्ल सोडत गेले. गुलाबी फिकं व्हायला लागलं तशी गणेशला घाई. "टाक की सगळं, किती वेळ करायलीस?" मी ऐकलं नाही. आणखी एक थेंब सोडला, पात्र हलवलं अन् गुलाबी गेलंच. पाण्यासारखं साफ. मग सरांनी ते चिनी मातीच्या बशीत आटवलं. तळाला पांढरं मीठ.

घरी सांगितलं तर आई म्हणाली, "मग आणायचं न्हाई का? भाजीत टाकलं असतं." प्रयोगातलं खायचं नसतं, हे तिला काही पटलं नाही. पण नंतर शेजारच्या काकूंना सांगत होतीच, "आमची पोरगी शाळेत मीठ करायली."

गटाची वही मुद्दाम घरी आणलीय. गणेशचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. तरी किती वेळा वाचावं? शेवटची ओळ कशीबशी लागते: "गुलाबी रंग गेला. मीठ प्रियाने केलं."