ताईकडे गेलेल्या काकू

प्रिय ताई,

साष्टांग नमस्कार. (गुडघा वाकत नाही, तेव्हा कागदावरचाच गोड मानून घे.) भावजींचा खोकला कसा आहे? तुझी कंबर? पत्र लिहिण्यास कारण की, कारण काहीच नाही. फोन केला की दोन मिनिटांत तुझं दूध उतू जातं, म्हणून म्हटलं लिहावं.

इकडे सगळं मजेत. टीव्हीवरच्या त्या विनोदी मालिकेत मी अकरा वर्षं वरच्या मजल्यावरच्या भांडकुदळ काकू होते, हे तुला ठाऊकच आहे. (तू एकही भाग पाहिला नाहीस, हे मला ठाऊक आहे.) आठ महिन्यांपूर्वी लेखकमहाशयांनी काकूंना गाडीत बसवून धाडून दिलं. कुठे, तर म्हणे ताईकडे! "मारलं नाही ना, मग परत बोलावणारच," असं मेकअपवाले दादा कानात म्हणाले. त्या भरवशावर मी बसले. दुसरं काम घेतलं नाही, केसांचा रंग बदलला नाही, गाव सोडून कुठे हलले नाही. न जाणो, बोलावणं यायचं आणि मी जागेवर नसायची. गंमत बघ, मालिकेतली मी आठ महिने ताईकडे मुक्काम ठोकून आहे आणि खरी मी एक दिवसही तुझ्याकडे आले नाही. रस्त्यात लोक विचारतात, "काय काकू, आलात का? ताई कशी आहे?" बरी आहे म्हणून सांगते. (आहेस ना?)

सवयी मात्र जाता जात नाहीत. आमच्यात प्रत्येक विनोदी वाक्यानंतर मनातल्या मनात तीन आकडे मोजेपर्यंत गप्प राहायचं. त्या जागेत नंतर हशा भरतात. ते इतकं अंगवळणी पडलंय की परवा डॉक्टरांना म्हटलं, "गुडघा दुखतो," आणि थांबले. त्यांना वाटलं, संपलं. गोळ्या लिहून दिल्या आणि पुढच्या पेशंटला हाक मारली. दिवसच्या दिवस कुणाशी बोलणं होत नाही आणि संध्याकाळ झाली की छातीत धडधडतं, हे सांगायचं राहूनच गेलं. घरीही मी अशीच थांबते. फ्रीज तेवढा गुरगुरतो.

मागच्या सोमवारी प्रॉडक्शनवाल्याचा फोन आला. "शुक्रवारी सेटवर येता का? आणि हो, काकूंचा चष्मा तुमच्याकडेच राहिलाय, तो आठवणीने आणा." मला आभाळ ठेंगणं झालं. चार दिवस जुने संवाद घोकत घरभर फिरले. शुक्रवारी घरूनच मेकअप करून गेले. पाहते तर माझ्याच खुर्चीत, माझाच फुलाफुलांचा गाऊन घालून दुसरीच बाई बसलेली! काकू ताईकडून परत आल्या होत्या, फक्त त्या मी नव्हते. त्यांना चष्माच हवा होता. बाई बिचारी भली. लगबगीने उठली, माझे हात धरले, तिचेच हात थंडगार पडले होते. मग मीच तिला चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणून वरून कसं रोखून बघायचं ते करून दाखवलं. सगळे खदखदून हसले. अकरा वर्षांत पहिल्यांदा खरा हशा मिळाला, आणि तोही शिकवणीत. घरी येऊन खूप रडले. असो.

भावजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझी,
धाकटी

ता. क. कामाच्या धबडग्यात माझे दिवस कसे जातात ते कळत नाही, असं भावजींना सांग.

आणखी ता. क. ते वरचं भावजींपुरतंच. तू मला बोलवायचं सोडलंस त्याला तीन वर्षं झाली. त्यात तुझी काही चूक नाही; दर वेळी मी शूटिंग पुढे केलं, भाचीच्या लग्नातही जेवून हात पुसत पळाले. तरी एकदा बोलाव. मी "नको गं, कशाला तुला त्रास" म्हणेन. ऐकू नकोस.

शेवटचा ता. क. बॅग शनिवारीच भरली आहे. रोज सकाळी तिच्यातून टूथब्रश काढते, दात घासते आणि परत आत ठेवते.