मुळं धुतली होती

मुलुंड, रविवार, संध्याकाळ

गावचं कुसुमाचं झाड तोडलं. त्याच्या बियांची पाच रोपं मागच्या टेकडीवर, ज्वालामुखीच्या काळ्या कातळात लावली. चार गेली. एवढं खत घालूनही, रोज कविता ऐकवूनही?

नात म्हणाली, "आजोबा, लावताना मुळं धुतलीत?"

धुतली. शाळेत निघालेल्या पोराचे पाय धुवावेत तशी.

"अहो, मुळांवरची बुरशीच गेली ना! कातळातलं अन्न तीच आणून देते. जास्त खताने ती रुसते. कविता हव्या तेवढ्या ऐकवा उरलेल्या रोपाला, खत बंद!"

मग टेकडीवरच्याच जुन्या कुसुमाखालची ओंजळभर माती तिने पाचव्याच्या मुळाशी घातली.

आज त्याला तांबडं, कोवळं पान फुटलंय. तिथूनच तिला फोन केला. "थँक्यू गं."

"मला काय? मातीला म्हणा."

म्हटलं. मोठ्याने. फिरायला आलेले दोघं थांबून बघत राहिले. बघू देत.