हातचा राखून

ता. ४

ती. ताईस सा. न. वि. वि.

आई कशी आहे? तिला हल्ली कमी दिसतं असं तू मागच्या पत्रात ओझरतं लिहिलं होतंस, जरा नीट कळव. माझं म्हणशील तर मी पार वैतागलो आहे. मुलगा सूर्य बनवतोय असं आईने शेजारपाजारी सांगून ठेवलंय म्हणे. मुलगा दिवसभर भांडणं सोडवतोय, हे कुणी विचारलं तर सांग.

सोपं करून सांगतो. मोटारीच्या ट्यूबसारखं एक पोलादी पोकळ कडं आहे. त्यात वायू इतका तापवायचा की त्याचे अणू एकमेकांत मिसळले पाहिजेत आणि त्यातून ऊर्जा मिळाली पाहिजे. तो भिंतीला टेकता कामा नये, म्हणून बाहेरून चुंबकांनी तोलून धरायचा. चुंबकांचा आराखडा एका गटाकडे, कड्याचा दुसऱ्याकडे, पाण्याच्या पाइपांचा तिसऱ्याकडे. हे सगळं एकात एक बसवायचं माझ्याकडे. काल काचेच्या टेबलाखाली दिवा लावून तिघांच्या आराखड्यांचे पारदर्शक कागद एकावर एक ठेवले, तर चुंबक पाइपात घुसलेला आणि पाइप कड्यात! मधल्या भोकात चार बोटं जागा कमी पडतेय. आणि ज्याला विचारावं तो म्हणतो, माझ्याकडून केसभरही कमी होणार नाही.

प्रत्येकाने गुपचूप हातचा राखलाय, दुसरं काही नाही. पाइपवाल्याला दोन बोटं लागतात तर तो तीन मागतो, कारण मी कापणार हे त्याला ठाऊक असतं. मी कापतो, कारण त्याने वाढवून मागितलंय हे मला ठाऊक असतं. खरा आकडा कुणी कुणाला सांगतच नाही. तू तरी कुठे सांगतेस? भाचीच्या लग्नाची तारीख मला चार दिवस अलीकडची कळवली होतीस. दोन दिवस उशीर झाला म्हणून मी ओशाळून दारात उभा, तर घरात अजून रंगारी! एकदा तरी खरं सांगत जा गं.

भाओजींना नमस्कार. लोभ आहे तो वाढता ठेव.

तुझा धाकटा

ता. १०

चि. लेटलतीफास अनेक आशीर्वाद.

रंगाऱ्यांचं बरं लक्षात राहिलं. बाबांच्या निवृत्तीच्या समारंभाला पोचलास तेव्हा माणसं खुर्च्या उचलून नेत होती, ते विसरलास वाटतं. तारखा अलीकडच्या कळवायला मी तिथपासून शिकले.

आता आईचं. तिचा एक डोळा केव्हाच गेला होता, दुसऱ्याचंही दिसणं झपाट्याने कमी होतंय. डॉक्टर म्हणाले की ऑपरेशन केलं नाही तर तो जाणारच. केलं तरी खात्री नाही, उरलंसुरलं एकदमही जाऊ शकतं. अठरा तारीख मिळाली आहे. आई घाबरलेली नाही. तिचं एकच म्हणणं आहे की त्याआधी तुला एकदा डोळे भरून पाहायचं. तुझा फोटो घेऊन खिडकीशी बसते, पण तो तुझ्या कॉलेजातला. आता तू कसा दिसतोस ते तिला पाहायचंय.

सतराला पोच. ही खरी तारीख आहे. तू म्हणालास म्हणून या वेळी मी काही हातचा राखलेला नाही. खाली रेघसुद्धा मारली आहे, बघ. तुझ्या यंत्राला चार दिवस दम धरायला सांग.

भाओजींचे आशीर्वाद. लोभ आहेच, तो आता येऊन दाखव.

तुझी ताई

ता. १४

ती. ताईस सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. आईचं वाचून मन थाऱ्यावर नाही. येतोच आहे.

इथे मात्र नुसता ताप. परवा तिन्ही गटप्रमुखांना एका खोलीत बसवलं आणि सांगितलं की मी यापुढे कुणाचं काही कापणार नाही. खरे आकडे द्या, सगळ्यांचा मिळून एकच हातचा मी माझ्याकडे ठेवतो, अडेल त्याला त्यातून देईन. तिघांनी माना डोलावल्या. चुंबकवाल्याने तर आकडा लिहून खाली लाल रेघ मारली, आता यातून सूतभरही निघणार नाही म्हणाला. मी त्याची गणितं घेऊन बसलो, तर त्या लाल रेघेच्या आत चांगलं बोटभर दडवलेलं! राग आला आणि हसूही. आता कुणी रेघ मारली की मी आधी वजाबाकी करतो.

तेव्हा ताईसाहेब, तुमची रेघही ओळखली. तुमचे नेहमीचे चार दिवस धरता अठरा म्हणजे बावीस. अठराला इथे साहेबांसमोर शेवटची बैठक आहे. आराखडे एकात एक बसले नाहीत तर काम आमच्याकडून काढून घेणार आहेत, मला हलता येत नाही. ती उरकून निघतो आणि एकवीसला सकाळी पोचतो. आईला म्हणावं, दाढी करून येईन. पकडली गेलीस म्हणून रागावू नकोस.

लोभ ठेव, आणि चहा तयार ठेव.

तुझा धाकटा

ता. ३

चि. भावास अनेक आशीर्वाद.

तुझे आराखडे बसले, साहेबांनी सही केली, हे कळलं. आनंद झाला असं लिहायला हवं. अजून राग जात नाही, तर काय लिहू?

तुझं ते पत्र मला एकोणीसला मिळालं. अठराला आई हॉस्पिटलच्या खाटेवर दाराकडे तोंड करून बसली होती. चष्मा काढून द्यायला तयार नव्हती. डॉक्टरांना विनवून तिने दुसऱ्या पेशंटला आधी आत न्यायला लावलं. बाहेर पाऊल वाजलं की केस सारखे करायची. शेवटी नर्सने चष्मा काढून माझ्या हातात दिला. तू आलास तेव्हा ऑपरेशन होऊन तिच्या डोळ्यांवर पट्टी होती, ते तू पाहिलंसच. तिने तुझा चेहरा चाचपला आणि दाढी केलीस हो, म्हणून खूश झाली. मी तिच्यादेखत तुला नाही नाही ते बोलले, ते बोलायला नको होतं. तू चहाही न घेता गेलास, त्याचा जास्त त्रास झाला.

काल पट्टी काढली. डॉक्टरांनी किती बोटं म्हणून विचारलं. तिने ठसक्यात तीन सांगितलं. त्यांनी बोटं वर केलीच नव्हती.

घरी आल्यावर मला म्हणाली की त्याला लिही, आईला छान दिसतंय, नाहीतर त्याचं कामात लक्ष लागणार नाही. लिहिलं. आता खरं लिहिते. उजेड कुठून येतो एवढंच तिला कळतं. यातून काही वजा करू नकोस.

ये. तारीख कळवत नाही. ती रोज दाराकडे तोंड करून बसते.

लोभ आहेच.

तुझी ताई