अंगणातल्या चिखलदऱ्याची वाटणी

मी, माणिकबाई चंद्रभान गावंडे, वय अडुसष्ट, राहणार बार्शीटाकळी, जिल्हा अकोला, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवते. डोकं ठिकाणावर आहे. शंका आल्यास सुनेला विचारू नये.

१. राहते घर मुलगा श्याम व मुलगी वर्षाली यांना निम्मे निम्मे. शिलाई मशीन वर्षालीला. जावईबापूंना कात्री सोडून काहीही द्यावे, कारण पुढे येईल.

२. अंगणातले जुनिपर. यजमानांनी मला चिखलदऱ्याला नेतो म्हणून जन्मभर टोलवले. एकदाचे निघालो, तर परतवाड्यातच त्यांना नर्सरीवाले मित्र नासिरभाई भेटले. गप्पांत जीप निघून गेली आणि त्यांच्याच नर्सरीतून हे झुडूप घेऊन आम्ही घरी आलो. यजमान म्हणाले, "थंड हवेचं झाड हाय. आता चिखलदरा अंगणातच." तेव्हा मी दोन दिवस त्यांना बिनसाखरेचा चहा दिला. आता ते नाहीत, आणि ते झाड पाहिल्याशिवाय मला चहा गोड लागत नाही. माझ्यामागेही ते जगलेच पाहिजे.

३. यजमानांनी ते शेतातली काळी माती आणून अंगणात लावले, कारण आपल्या मातीत काय येत नाही! पावसाळ्यात पिवळे पडले. नासिरभाई भेटीला आले तेव्हा त्यांनी उपटून, सडकी मुळे कापून, मुरूम-रेतीच्या कुंडीत बसवले आणि बजावले, "काकू, याचे लाड नका करू." तरी माती बोटभर खोल कोरडी झाल्याशिवाय पाणी घालू नये. सकाळी ऊन, मे महिन्यात दुपारी सावली. कात्री फक्त हिरव्या शेंड्यांना; जुन्या लाकडावर कापले तर तिथे पुन्हा फुटत नाही. जावईबापूंनी गोल आकार द्यायला घेतला होता. ते टक्कल भिंतीकडे वळवून ठेवले आहे.

४. सूनबाई आकांक्षा गुणी आहे, हे लिहून देते. पण आंघोळ झाली की अर्धा तांब्या तुळशीला, अर्धा जुनिपरला, वर हळदकुंकू. रागावले तर म्हणते, "आई, बिचारं तहानलेलं दिसून राहिलं." तिच्या मायेने ते मरेल.

५. सबब हे झाड श्यामला. कूलरमध्ये पाणी टाक म्हटले तर तो म्हणतो, "टाकतो ना, आताच काहून?" त्या आळसापायी मी त्याला जन्मभर शिव्या दिल्या. आता तोच कामाचा. त्याने सुधारू नये, ही अट. सुधारल्यास झाड नासिरभाईंकडे परत जाईल.

६. माझी घरघर लागली की सगळे गंगाजल पाजायला रांग लावतील. मला एक चमचा पुरे. उरलेले झाडाला ओतू नये.

सही : माणिकबाई चंद्रभान गावंडे
साक्षीदार : नासिर शेख, नर्सरीवाले, परतवाडा
कौशल्या इंगळे, शेजारीण (भांडते, पण सही खरी करते)
बार्शीटाकळी, १२ मे २०२५