गाडीची काच आपोआप वर-खाली होणे व त्यामुळे कन्यादानास आलेली अडचण

प्रति,
मा. अधीक्षकसाहेब,
सरकारी मोटारखाना, फ्रीगंज,
उज्जैन.

अर्जदार: सुधाकर भिकाजी पागनीस, मोटारचालक.

विषय: वसंत पंचमीच्या सकाळी गाडीतून खाली उतरण्याची परवानगी मिळणेबाबत.

संदर्भ: (१) "दोष दूर होईपर्यंत चालकाने गाडी सोडून जाऊ नये" हा आपला हुकूम.
(२) अर्जदाराचे यापूर्वीचे हिंदीतील अर्ज, ज्यांना उत्तर नाही.

महोदय,

१. अर्जदार आपल्या मोटारखान्यातील काळ्या अमेरिकन गाडीवर चालक आहे. विनंती लहानशीच आहे. येत्या वसंत पंचमीला अर्जदाराची एकुलती एक कन्या चि. जयू हिचे लग्न असून त्या सकाळी मांडवात जाऊन कन्यादान करता यावे, एवढेच मागणे आहे. एवढ्याशा कामासाठी एवढा लांबलचक कागद कशाला, असे साहेबांच्या मनात येणे साहजिक आहे. परंतु मागचे अर्ज थोडक्यात होते आणि बहुधा त्यामुळेच ते कोणाला खरे वाटले नाहीत. म्हणून या खेपेस सगळी हकीकत पहिल्यापासून, आणि साहेब स्वतः मराठी असल्याने घरच्या भाषेत सादर केली आहे.

२. सदर गाडी मुळात येथील एका सरदार घराण्याची. घरात पडदा कडक. सरदारांच्या पत्नी माईसाहेब गाडीत बसल्या की काच खाली करण्यासाठी चालकाला सांगावे लागे, आणि चालकाशी बोलणे घराण्याच्या रीतीत बसत नसे. त्यामुळे उन्हाळ्यात त्या आत अक्षरशः उकडून निघत. यावर उपाय म्हणून सरदारांनी दुसरी मोठी लढाई संपल्यावर ही गाडी मागवली. हिच्या दारात बटण आहे. ते दाबले की काच विजेवर आपण होऊन खाली जाते, उचलले की वर येते. माईसाहेबांनी पहिल्यांदा बटण दाबले तेव्हा त्या लहान मुलीसारख्या हसल्या होत्या. अर्जदाराने ते हसू फक्त ऐकले, कारण मागे वळून पाहण्याची मुभा नव्हती. सरदारांकडे असेपर्यंत काचांनी कधीही कुरबुर केली नाही. दसऱ्याला गाडीची पूजा होई, पण ती पुढे, इंजिनाच्या झाकणावर. एक झेंडूचा हार, कुंकवाचे बोट, आणि नारळ चाकापाशी. बस्स.

३. संस्थान विलीन होऊन मध्यभारत झाला तेव्हा गाडी सरकारजमा झाली. जमा करतेवेळी जी यादी झाली तीत गाडी, जादा चाक, जॅक, ताडपत्री आणि अर्जदार असा क्रम होता. अर्जदाराचे पूर्वज दरबारच्या पागेवर होते, घोड्यांबरोबर माणसेही एका सरदाराकडून दुसऱ्याकडे जात, त्यामुळे यात अर्जदाराला कमीपणा वाटला नाही. उलट गाडीबरोबर आपलीही सोय लागली म्हणून घरी शिरा झाला होता.

४. आता मुख्य मुद्दा. आपल्या खात्यात रीत अशी पडली आहे की, नवे साहेब रुजू झाले की गाडी रामघाटावर नेऊन तिची पूजा करायची. पहिल्या साहेबांच्या वेळी तात्या गुरुजींनी नेहमीप्रमाणे इंजिनाकडे तबक नेले. साहेब म्हणाले, इंजिन काय, सगळ्याच गाड्यांना असते. हिचा चमत्कार बटणात आहे, पूजा तेथे व्हावी. गुरुजींनी क्षणभर विचार केला आणि चारही दारांच्या बटणांवर यथासांग पंचामृताचा अभिषेक केला. दूध, दही, तूप, मध, साखर, आणि वरून क्षिप्रेचे पाणी. अर्जदार हात जोडून उभा होता. थांबवावेसे वाटले, पण मंत्र चालू असताना मध्ये बोलायचे कसे?

५. त्याच संध्याकाळी मागील डावी काच कोणीही हात न लावता खाली गेली. दुसऱ्या दिवशी दारातून मुंग्यांची रांग लागली. साहेबांना कळवले असता त्यांनी गाडीला दृष्ट लागली असे ठरवून पुन्हा अभिषेक करवला. मग उजवी काचही बिघडली. यानंतर जितके साहेब बदलले तितक्या पूजा झाल्या, आणि दोष वाढला की जादा पूजा झाल्या त्या वेगळ्याच. अर्जदार धर्माविरुद्ध एक अक्षर बोलत नाही. तो स्वतः रोज संध्या करतो. त्याचे म्हणणे एवढेच की, देवाला पंचामृत चालते, विजेला चालत नाही.

६. पुढे काय काय घडले ते क्रमाने असे. एकदा टावर चौकात व्यापारी मंडळींनी बड्या पाहुण्यांच्या स्वागतासाठी गाडी थांबवली. रमेशचंद शेट खिडकीतून आत वाकून हार घालत होते, तोच काच वर आली आणि हार अर्धा आत, अर्धा बाहेर असा अडकला. शेटजींनी आपले टोक सोडले नाही, कारण हार अर्धवट सोडणे अपशकुन. मागून पोलिसाने शिटी मारून गाडी पुढे काढायला लावली, आणि शेटजी "अरे रोको भाई, हार अटक गया!" असे ओरडत दुकानांच्या रांगेवरून गाडीच्या बरोबरीने पळाले. लोकांना तो स्वागताचाच भाग वाटून त्यांनी टाळ्या वाजवल्या. नंतर एका रंगपंचमीला, आपल्या पूर्वीचे साहेब पांढरी अचकन घालून समारंभास निघाले असता, नेमक्या रंगवाल्यांच्या टोळीसमोर चारही काचा एकदम खाली बसल्या. साहेब घरी परतले तेव्हा त्यांच्या आईनेही त्यांना ओळखले नाही. चौकशीत अर्जदारावर ठपका आला की त्याने मुद्दाम काचा उघडल्या. चार दारांची बटणे एक माणूस पुढे बसून एका वेळी कशी दाबील, असे अर्जदाराने विचारले, तर "उलट प्रश्न विचारण्याची सवय" असा आणखी एक ठपका वाढला.

७. दुरुस्तीचे प्रयत्न झाले नाहीत असे नाही. इंदूरहून तज्ज्ञ आले. त्यांच्यासमोर काचा अशा गुणी वागल्या की अर्जदाराला मेल्याहून मेल्यासारखे झाले. तज्ज्ञांनी "दोष आढळला नाही" असे लिहिले आणि फाटकाबाहेर पडले, तशी मागली डावी काच धाडकन खाली गेली. त्यानंतर बाजारातील दिलीप मिस्त्रीने फटीतून तार घालून पाहिली आणि तो म्हणाला, "भाऊसाहेब, अंदर तर पूरा शिरा जमलाय. कारंट जाणार कुठून?" दारांचे पत्रे खोलून आतून धुतले की काम होईल, असे त्याचे मत. पण सरकारी गाडीचे दार असे खोलायला राजधानीची मंजुरी लागते, आणि मध्यभारताची राजधानी हिवाळ्यात ग्वाल्हेरला व उन्हाळ्यात इंदूरला असे. आपला कागद नेमका उन्हाळ्यात ग्वाल्हेरला आणि हिवाळ्यात इंदूरला पोहोचत राहिला. आता राज्यच नवे झाले, राजधानी भोपाळ झाली, आणि भोपाळहून विचारणा आली आहे की ही गाडी कोणती. मध्यंतरी अर्जदाराने कंटाळून बटणांची तार सोडवून ठेवली होती. परंतु काच त्या वेळी खाली होती, ती खालीच राहिली, आणि पावसात साहेब चिंब भिजले. तेव्हापासून तारेला हात लावण्याची अर्जदाराला मनाई आहे.

८. गेल्या दिवाळीनंतर, गाडी महाकाळाच्या वाटेवर उभी असता काच खाली गेली आणि आतील मखमली पडदा चोरीस गेला. त्यावर आपण हुकूम काढला की गाडीला कुलूप लावून उपयोग नसल्याने चालकाने दारे लावून रात्रंदिवस गाडीतच राहावे. बदली चालक अनिल यास बसवण्याची विनंती केली असता, गाडीचा चार्ज, म्हणजे ताबा, चालू स्थितीतच दुसऱ्यास देता येतो, असे उत्तर मिळाले. हा नियम योग्यच आहे. परंतु गाडी चालू स्थितीत येत नाही, म्हणून चार्ज देता येत नाही; चार्ज देता येत नाही, म्हणून अर्जदार उतरू शकत नाही. देहधर्मापुरती फाटकावरील चौकीदाराने जी सूट दिली आहे ती माणुसकीची आहे, तिच्याबद्दल त्यास दोष लागू नये.

९. तेव्हापासून अर्जदाराचा संसार खिडकीतून चालू आहे. पत्नी सौ. कुसुम दोन्ही वेळचा डबा आणून देते. डबा आत येता येता काच वर आली तर वरण बाहेर आणि भात आत, असेही झाले आहे. जयूची साडी-खरेदी झाली, ती तिने काचेपलीकडून पदर पसरून दाखवली. काच बंद होती. ती काही बोलली ते ऐकू आले नाही, अर्जदाराने नुसती मान डोलावली. नंतर कळले की तिने विचारले होते, "बाबा, तुम्ही येणार ना?" साहेब, हे सरकारी कागदात लिहिण्यासारखे नाही, पण त्या दिवशी अर्जदाराला फार रडू आले.

१०. जयूचे सासर देवासचे खासगीवाले, जुने मानी घराणे. साखरपुड्याआधी व्याही अर्जदारास भेटण्यास मोटारखान्यात आले. अर्जदाराने आतूनच हात जोडले. व्याह्यांचा समज झाला की मुलीचा बाप गाडीचा मालक आहे आणि मिजाशीमुळे खाली उतरत नाही. पहिला समज दूर केला तेव्हा ते नाराज झाले, आणि दुसरा अजून दूर झालेला नाही. त्यांनी बजावले आहे की कन्यादान बापानेच करायचे, मामा-काका चालणार नाहीत. बाप मांडवात दिसला नाही तर वऱ्हाड आल्या पावली देवासला परतेल. अर्जदाराची थोरली बहीण अक्का हिने तर खिडकीशी येऊन सर्वांदेखत सुनावले, "सुधा, तू पोरीचा बाप आहेस की गाडीचा चौकीदार? शादी कोणाची आहे, हिची की या डब्ब्याची?" सुदैवाने काच वर आली.

११. तरीही अर्जदार आशेवर होता. पण गेल्या सोमवारी आपला नवा हुकूम लागला. गाडी आता नव्या राजधानीत जमा करायची असून, भोपाळला रवाना करण्यापूर्वी तिची शेवटची शांती व्हावी, मोठा अभिषेक व्हावा, आणि चालकाने ती वसंत पंचमीस सकाळी रामघाटावर हजर करावी. अर्जदार तात्या गुरुजींना भेटला, म्हणजे ते गाडीपाशी आले. त्यांना विचारले की हाच दिवस आणि हीच वेळ का? गुरुजी म्हणाले की महिन्यात याहून चांगला मुहूर्त नाही, आणि म्हणूनच त्यांनी तो साहेबांना गाडीसाठी आणि सौ. कुसुमला जयूसाठी, असा दोन्हीकडे काढून दिला. त्यात त्यांचे काही चुकले असेही म्हणता येत नाही. पंचांग एकच आहे.

१२. सबब प्रार्थना अशी की, शांती दुसऱ्या दिवशी ठेवावी. ते होणे नसल्यास त्या सकाळपुरते कोणाही इसमास गाडीत बसवावे. अक्का स्वतः बसण्यास तयार आहे, आणि ती बसली असता चोर जवळ येणार नाही याची अर्जदार हमी देतो. तेही नियमात बसत नसल्यास निदान बटणांवर फडके टाकून अभिषेक करण्याची सूचना गुरुजींना व्हावी.

१३. आणि यांपैकी काहीच होणे नसेल, तर शेवटचे मागणे. मांडव आम्ही रामघाटावर गाडीशेजारी घालतो. सौ. कुसुमने देवासला जाऊन विहिणीचे पाय धरले आणि त्यांचे मन वळवले आहे. बाप दिसला म्हणजे झाले, मग तो कोठे का बसलेला असेना, येथपर्यंत व्याही आले आहेत. अर्जदार गाडीतच बसून राहील, हुकूम मोडणार नाही. मागच्या आसनावर सरकून मांडवाकडील डाव्या खिडकीतून हात बाहेर काढून तो मुलीचा हात जावयाच्या हातात देईल आणि वर पाणी सोडील. याला मिनिटाहून अधिक लागत नाही. परंतु त्याच मिनिटाला पलीकडच्या दारावर पंचामृत पडत असणार. साहेब परवानगी देतील, व्याही थांबतील, गुरुजी दोन्हीकडचे मंत्र म्हणतील; फक्त तेवढा वेळ ती काच खाली राहावी, यासाठी अर्ज कोणाकडे करायचा असतो, ते कृपा करून कळवावे.

आपला आज्ञेत, आणि अद्याप गाडीत असलेला,
सुधाकर भिकाजी पागनीस

मुक्काम: सदर गाडी, पुढील आसन.
उज्जैन, ता. २१ जानेवारी १९५७.

सोबत: लग्नपत्रिका एक, साहेबांच्या नावाची. सहकुटुंब यावे. मांडव कोठे आहे हे पत्रिकेत लिहिलेले नाही, ते आपल्या हुकुमावर आहे.