टीव्हीतले मुके धवले

मंगळवार, दिवेलागण

काल लिहिलं ते चूक. पेन ड्राइव्ह खराब नाही. फाइलमधला आवाजच आमच्या टीव्हीला वाचता येत नाही. चित्र मात्र लख्ख दिसतं.

दादाच्या हळदीचं शूटिंग. आत्या मांडवात बसून धवले, आमची लग्नातली गाणी, गातेय आणि नुसते ओठ हलतात. गळ्याच्या ऑपरेशननंतर तिला गाता येत नाही. गावातल्या पोरी आता धवले शिकणार ते या शूटिंगवरूनच. त्यासाठीच काल सगळ्या जमल्या होत्या.

आत्या घोगऱ्या आवाजात म्हणाली, "टीव्हीत पन माजा गला बसला काय गं?" सगळ्या हसल्या. मी रिमोट दाबत राहिले. आधी एकटीनं लावून का नाही बघितलं? मग आत्या टीव्हीजवळ सरकली, आपलेच हलणारे ओठ बघत पोरींना एकेक शब्द सांगायला लागली. डॉक्टरांनी बोलायला मनाई केली आहे. अक्षरंसुद्धा मला तिनंच शिकवली, तिला गप्प कशी बसवू?

दमले. लॅपटॉपवर आवाज नीट येतो. तो टीव्हीला जोडायची केबल शेलूला राहणाऱ्या मावशीकडे आहे. पोरी पुन्हा जमायच्या आत आणायला हवी, नाहीतर आत्या परत बोलत बसेल. कामावरून येताना शेलूला उतरायचं. उद्याच, बुधवारी.