अर्ध्या तासात जोडायचं विमान

केदारखेडा, ता. भोकरदन
रविवार, १९ सप्टेंबर १९७६

तीर्थरूप शिवाजीमामांना प्रभावतीचा सविनय जयभीम.

तुम्ही, मामी आणि मुलं खुशाल असाल असं धरून चालते. मामींच्या गुडघ्याला आराम पडला का ते कळवा. आई म्हणते, निरगुडीचा पाला गरम करून बांधायला सांग, म्हणून सांगितलं. (माझा पाल्यावर विश्वास नाही, पण विरोधात पुरावाही नाही.) इकडे आई, दादा आणि मी ठीक आहोत. एका कोंबडीची तब्येत दोन दिवस काळजीची होती, ती आता दाणे टिपते आहे. तिच्या दुखण्याचा संबंध तुम्ही पाठवलेल्या भेटीशी आहे, म्हणून सरळ त्या विषयावर येते.

मामा, आपल्या सबंध नात्यागोत्यात खऱ्या विमानाला हात लावलेला माणूस तुम्ही एकटे. विमानाच्या कारखान्यातल्या फिटरमामाकडून भाचीला बी.एस्सी. झाल्याबद्दल धातूच्या छोट्या विमानाची पेटी आली, याचा मला आनंद झाला हे आधी नोंदवते. पुढं जे लिहिणार आहे ते तुमच्याविरुद्ध नाही. ते ज्यांनी ही पेटी बनवली त्यांच्याविरुद्ध आहे, आणि त्यांनी पेटीवर पत्ता छापलेला नसल्यामुळे तुम्हालाच ऐकून घ्यावं लागेल. पत्ता का छापला नसावा, हे मला आता नीट समजलं आहे. झाकणावर मात्र ठळक इंग्रजीत छापलंय की हे विमान आठ ते बारा वर्षांच्या मुलांसाठी असून कोणत्याही मुलाला ते अर्ध्या तासात जोडता येईल. मी बावीस वर्षांची आहे. पदार्थविज्ञान घेऊन दुसऱ्या वर्गात उत्तीर्ण झालेली आहे. मला चार दिवस लागले आणि सहा मुली मदतीला होत्या. ते आठ वर्षांचं मूल कुठं राहतं, कुणाला ठाऊक असेल तर मला त्याला एकदा भेटायचं आहे.

खरं तर मी पेटी उघडणारच नव्हते. फळीवर ठेवून रोज पुसणार होते. पण मध्ये शाळा आली. इथून दोन कोसांवरच्या शाळेत जूनपासून मी विज्ञान शिकवते, हे तुम्हाला ठाऊकच आहे. तिथं कार्यानुभवाच्या तासाला मुलगे कानस, करवत, हातोडा घेऊन पत्र्याची सुपली नाहीतर बिजागऱ्या करतात, आणि मुली काजं करतात. आठवीतल्या सहा मुली केदारखेड्याच्याच, माझ्याबरोबर चालत शाळेत येतात. वाटेत त्यांनी मला विचारलं की आम्हाला करवत का नाही. मला उत्तर सापडलं नाही, म्हणून मी त्यांचा अर्ज लिहिला, सहा सह्या घेतल्या आणि मुख्याध्यापक काकासाहेबांच्या टेबलावर ठेवला. समान संधीवर मी जे बोलले ते मला स्वतःला बरं वाटलं. काकासाहेबांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "बाई, पोरीचं बोट कापलं तर तिचा बाप माझ्या दारात येईल, तुमच्या न्हाई." मग त्यांना आठवलं की माझ्याकडं विमानाची पेटी आली आहे. (पोस्टमननं पेटी मला देण्याआधी चार गावांना सांगितलं होतं.) "असं करा," ते म्हणाले, "शनिवारपर्यंत तुमच्या पोरींनी ते विमान उभं करून आणावं. झालं, तर करवतीचं बघू. न्हाई झालं, तर हा अर्ज पुन्हा माझ्या टेबलावर दिसू नये." सगळे शिक्षक बसले होते. अर्ध्या तासाच्या कामाला चार दिवस मिळताहेत या हिशेबानं मी "कबूल" म्हटलं आणि ताठ मानेनं बाहेर आले. छापलेल्या गोष्टीवर विश्वास ठेवण्याची ही सवय मला कॉलेजात लागली.

मंगळवारी संध्याकाळी मुली घरी जमल्या. पेटीत अडुसष्ट भाग होते. पैकी पत्र्याचे मोठे भाग बोटाएवढे, आणि नट तर राळ्याच्या दाण्यापेक्षा जरा मोठे म्हणायचे. काही घरंगळून जाऊ नये म्हणून मी ते सगळं सुपात ओतलं (ही कल्पना माझी, आणि मी ती नाकारत नाही) आणि मुलींना घेऊन हात धुवायला आडावर गेले. तेवढ्यात आई रानातून आली. ओसरीवर सूप भरलेलं आणि आत नको-नको ते मिसळलेलं दिसल्यावर तिनं जे आयुष्यभर केलं तेच केलं. सूप मांडीवर घेतलं, पाखडलं, निवडलं. आम्ही आलो तर ती अभिमानानं म्हणाली, "लई बारीक खडे होते गं, समदे काढून फेकले बघ." ते अकरा नट होते. आम्ही सातजणी अंगणात गुडघ्यांवर फिरलो. दहा सापडले. अकराव्याच्या जागी कोंबडी उभी होती, आणि तिचा चेहरा मला निष्पाप वाटला नाही. पुढचे दोन दिवस आळीपाळीनं कोंबडीच्या मागं एक मुलगी होती. गुरुवारी सकाळी नट मिळाला. तीनदा उकळलेल्या पाण्यानं धुऊन मी तो शेपटीला लावला आहे. शनिवारी काकासाहेबांनी विमान नेमकं शेपटीला धरूनच उचललं, पण या बाबतीत मी कुणाला काही बोलले नाही.

बुधवार जोडणीच्या कागदानं खाल्ला. हा कागद इंग्रजीत होता, पण ज्यानं लिहिला त्याचं इंग्रजीशी भांडण असावं. शब्दकोश घेऊन मी जे भाषांतर केलं त्यातली एक ओळ देते: 'सतरा क्रमांक हळुवारपणे एकोणीस क्रमांकात घालावा व समाधान मानावे.' आम्ही घातला. समाधान झालं नाही, कारण एकोणीस क्रमांक म्हणजे वैमानिकाची खुर्ची होती आणि सतरा म्हणजे चाक. खुर्चीत चाक बसवून आम्ही पुढं दीड तास काम केलं, मग सगळं उसकटलं. पेटीतला पेचकस काडीपेटीतल्या काडीएवढा होता आणि साधारण तितकाच टिकला. म्हणून मी सायकलवाल्या संपतकडं गेले. त्यानं विमान तळहातावर घेतलं, एक डोळा मिटला आणि सांगितलं, "ताई, ह्याला बिलकुल जोर लावू नका. घासलेट पाजा, आपोआप बसतंय." घासलेट पाजलं. स्क्रू बसले, हे मान्य. पण विमानाचा लाल रंगही बसला, माझ्या दहा बोटांवर, आणि गुरुवारी मी त्याच बोटांनी सातवीला धड्यातली स्वच्छता शिकवली.

आता खरा गुन्हा सांगते. गुरुवारी संध्याकाळी पंख लावायला घेतले. डावा पंख बसला. उजवा बसेना. भोकं भोकांवर आली की पंखाचा पुढचा भाग मागं जायचा, आणि पुढचा पुढं आणला की भोकं गायब व्हायची. मी चार वेळा काढला, चार वेळा लावला. कागद उलटा धरून पाहिला. शेवटी मी मुलींना घरी पाठवलं आणि एकटी बसून विचार केला की दोष माझाच आहे. परीक्षेत दुसरा वर्ग मिळाला तो परीक्षकांनी दया करून दिला असावा. आपल्या घरात कुणी कॉलेजचं दार पाहिलं नव्हतं, मी पाहिलं, आणि आठ वर्षांच्या मुलाचं काम मला येत नाही. उद्या सहा मुलींना काय सांगू? की तुमची करवत माझ्यामुळे गेली? मामा, वर्गात मी रोज सांगते की पुस्तकात आहे म्हणून मानू नका, तपासून बघा. आणि एका पेटीनं छापलं म्हणून मी स्वतःला नापास करून मोकळी झाले.

शुक्रवारी शाळा सुटल्यावर सहाजणींतली बेबीनंदा पुढं झाली. ही मुलगी वर्गात क्वचित बोलते, पण घरी मशीनवर बसून निम्म्या गावाचे झंपर शिवते. तिनं दोन्ही पंख पाटावर शेजारी ठेवले आणि हसायलाच लागली. "बाई, ह्यांनी कापड दुमडलंच न्हाई! दोन्ही बाह्या डाव्याच कापल्यात." मग तिनं मला समजावलं. कापड दुमडून कापलं तर एक डावी, एक उजवी बाही निघते. घाई करून एकावर एक उताणं ठेवून कापलं तर दोन्ही एकाच हाताच्या. तिनं स्वतः एकदा आत्याच्या झंपराचं असं केलं होतं आणि आत्या वर्षभर बोलली नव्हती. मी पंख पाहिले. दोन्ही डावेच होते! चार दिवस, मामा! पेटी बनवणाऱ्या त्या कारखान्यात एवढी यंत्रं असतील, एवढे साहेब असतील, आणि तेरा वर्षांच्या मुलीला जे पाटावर दिसलं ते कुणाला दिसू नये? मला इतका राग आला की भीती कुठल्या कुठं गेली. पंख पालथा केल्यावर भोकं जुळत होती, फक्त बाक उलट्या बाजूला जात होता. तो आम्ही पोळपाटावर लाटण्यानं उलटा फिरवला. उजव्या पंखावर उमटवलेले खिळ्यांचे टिपके आता पोटाकडून आहेत, पण विमान सरळ आहे.

शनिवारी ते काकासाहेबांच्या टेबलावर ठेवलं. त्यांनी नाकावरच्या पंख्याला फुंकर मारली, तो फिरला. सगळी हकिकत त्यांनी लक्ष देऊन ऐकली आणि काय म्हणावं त्यांनी? "बघा बाई! शिवणकाम होतं म्हणून विमान झालं. म्हणजे पोरींना शिवणकामच चांगलं." पण बेबीनंदा दारातूनच म्हणाली, "सर, बाह्या तर आमाला येतातच. येत न्हाई ते शिकवा की." काकासाहेबांनी पुन्हा चष्मा पुसला आणि अर्जावर सही केली. मात्र धातुकामाचे सर्जेराव सर म्हणाले की आपण मुलींचा तास घेणार नाही. तेव्हा तो तास दुसऱ्या कुणीतरी घ्यायचा, सोमवारी सत्तावीस तारखेपासून, असं ठरलं.

तर अशी ही भेट. असल्या पेट्या विकायला बंदी असावी, असं माझं स्पष्ट मत आहे. मामींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुमची भाची,
प्रभावती

ता. क. पत्र तक्रारीचं झालं, पण लिहिण्याचं कारण वेगळं आहे. तो 'दुसरा कुणीतरी' म्हणजे मी. काकासाहेबांनी विचारलं, "बाई, तुम्हाला येतं का?" आणि मी म्हटलं, "येतं." मामा, मी आयुष्यात करवत धरलेली नाही. कानस पुढं ढकलायची की मागं ओढायची, हेही मला ठाऊक नाही. तुम्ही गुरुवारपर्यंत काहीही करून या. तुमच्या साहेबांनी रजेचं कारण विचारलं तर भाचीच्या लग्नाचं बघायला जातो म्हणा. (हे खोटं आहे आणि मी ते तुम्हाला शिकवते आहे, याची मला लाज वाटते. तरी म्हणा.) मुलींना यातलं काही कळता कामा नये, तुम्ही आईला भेटायला आलात एवढंच मी सांगणार आहे.

ता. क. दुसरा. हे लिहिताना बेबीनंदा मागं उभी होती, ते मी पाहिलं नाही. ती म्हणते, "बाई, तुमाला येत न्हाई ते आमाला कवाच म्हाईत हाये. मामाला म्हणा, कानशी सात आणा, साहा न्हाई."